फोटोतला चंद्रपतंग आणि मोईच्या झाडावरचं त्याचं बाकीचं आयुष्य

घाटमाथा

पाऊस लागला की आंबोली, भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयना, सगळीकडून एकच फोटो यायला लागतो. फिकट पोपटी रंगाचा, तळहात भरून उरेल एवढा, मागे दोन लांब शेपट्या असलेला जीव कुठल्यातरी भिंतीला चिकटून बसलेला. खाली प्रश्न: 'हे फुलपाखरू कुठलं?' फुलपाखरू नव्हे, हा पतंग. मून मॉथ, म्हणजेच चंद्रपतंग. शास्त्रीय नाव ॲक्टियस सेलेने. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीतून थेट श्रीलंकेपर्यंत हा सापडतो.

पंखांचा पसारा साधारण ८ ते १२ सेंमी. पुढच्या पंखांच्या वरच्या कडेला तांबूस-जांभळी पट्टी असते आणि ती मानेवरून आडवी जाऊन दोन्ही पंख जोडते. अंग पांढरंशुभ्र आणि लोकरीसारखं केसाळ, पाय मात्र तांबूस. चारही पंखांवर एकेक डोळ्यासारखा ठिपका असतो आणि त्याची एक कड गडद, चंद्रकोरीसारखी दिसते. शेपट्यांत गुलाबी झाक असते आणि त्या शेवटाकडे किंचित पीळ घेतात. नर-मादी ओळखायची तर मिशा बघा. नराच्या मिशा रुंद आणि पिसासारख्या दाट, मादीच्या अरुंद. मादीचं पोटही चांगलंच टपोरं असतं, कारण ती बाहेर येते तीच अंडी भरून घेऊन.

एवढं सगळ्यांना फोटोतूनही कळतं. धागा काढलाय तो फोटोत न येणाऱ्या भागासाठी. पतंग म्हणून या जीवाला जेमतेम आठवडाभर मिळतो. उरलेलं वर्ष तो अंडं, अळी आणि कोष म्हणून काढतो, आणि ते सगळं एका अशा झाडाच्या आसऱ्याने ज्याला आपल्याकडे कुणी विचारत नाही. मोई. काही भागात शेमट किंवा शिमटी म्हणतात. लाकूड मऊ, फळाला बाजारभाव नाही, त्यामुळे तोडताना कुणाचा हात अडखळत नाही. ज्यांना चंद्रपतंग आवडतो त्यांनी आधी मोई ओळखायला शिकावं आणि तिच्याखालचा पाचोळा जाळू देऊ नये, हे माझं सांगणं.

आता क्रम सांगतो. मादी पानांवर, बारीक फांद्यांवर थोडी थोडी करून अंडी चिकटवते. अंडं साधारण २ मिमी, पांढुरकं, त्यावर तपकिरी-काळसर डाग. हवेतल्या उष्म्यानुसार दहा-बारा दिवसांत अळी बाहेर येते. पहिल्या अवस्थेत ती तांबडी असते आणि पाठीवर खोगीर टाकावं तसा काळा पट्टा. कात टाकल्यावर नुसती तांबडी, काळ्या डोक्याची. तिसऱ्या अवस्थेपासून एकदम हिरवी, अंगावर पिवळ्या-नारिंगी गाठी आणि त्यांतून निघालेले राठ केस. अशी चार वेळा कात टाकत पाच अवस्थांतून ती बोटाएवढी जाड होते. या सगळ्याला महिना-सव्वा महिना लागतो. मोठी झालेली अळी पानाच्या मधल्या शिरेला मागच्या पायांनी गच्च धरून उलटी लोंबकळत खाते. अंगावर सावली-उजेड असा पडतो की नजर तिच्यावरून सहज घसरते.

तिला शोधायचं तर वर बघू नका, खाली बघा. झाडाखालच्या दगडावर, वाटेवर लेंड्या पडलेल्या असतात. जाडसर, गडद, लांबीने खोल खाचा पडलेल्या. त्या ओल्या आणि ताज्या असतील तर बरोबर वरच्या फांदीवर अळी आहे.

मग एके दिवशी ती खायची थांबते, पोट रिकामं करते, रंग मळकट होतो आणि दोन-तीन पानं ओढून त्यांच्यात रेशीम विणते. कोष तपकिरी, कागदासारखा. इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या पिढीचा पतंग तीन-चार आठवड्यांत बाहेर येतो. पण पावसाळा सरताना तयार झालेले कोष तसे करत नाहीत, ते झोपी जातात. दिवस लहान व्हायला लागल्याची खूण अळीच्या अंगात पोचलेली असते. मोई थंडीत पानं झाडते आणि पुढे कित्येक महिने उघडीबोडकी उभी राहते. फुलंसुद्धा निष्पर्ण फांद्यांवरच येतात. त्या काळात अळी जन्माला आली तर खाणार काय? म्हणून कोष थांबतो. पानांत गुंडाळलेले कितीतरी कोष त्या पानांबरोबरच खाली पाचोळ्यात येतात आणि मोईला पालवी येण्याच्या सुमाराला, वळवाच्या नाहीतर पहिल्या पावसात, पतंग बाहेर पडतो.

म्हणजे डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत सह्याद्रीतले चंद्रपतंग असतात कुठे? बरेचसे जमिनीवर, वाळक्या पानांत. आणि आपल्याकडे वणवे लागतात ते याच महिन्यांत.

ज्यांनी अळी, कोष, मोई यांपैकी काही पाहिलं असेल त्यांनी जरूर लिहा.

शेकरू

फार छान धागा. मला मोई माहीत होती पण तिचा या पतंगाशी संबंध माहीत नव्हता. एक प्रश्न. आमच्या ओळखीत एकीने भिंतीवर बसलेल्या चंद्रपतंगाला कापसाने साखरपाणी दिलं होतं, अशक्त दिसतोय म्हणून. द्यावं का?

घाटमाथा

शेकरूताई, देऊ नये, उपयोगच नाही. या पतंगाला चालणारं तोंड नसतं. ज्या सोंडेने फुलपाखरू मध पितं ती याच्यात खुंटलेली असते. अळीने पानं खाऊन जी चरबी साठवली तेवढ्यावर पतंगाचं आयुष्य चालतं. साखरपाण्याने फक्त पाय आणि अंगावरचे खवले चिकट होतात आणि असलेला जोर सुटायच्या धडपडीत जातो. तो अशक्त नसतो, दिवसा गप्प बसणं हीच त्याची रीत आहे. बसू द्या. फार तर येण्याजाण्याच्या वाटेत असेल तर पुढच्या पायांसमोर काटकी धरा, तो स्वतः चढेल, मग सावलीतल्या झुडपावर ठेवा. पंखांना चिमटीत धरू नका.

रानमेवा

त्या शेपट्यांचं काय काम? इतक्या लांब शेपट्या घेऊन उडणं अवघडच जात असेल. माझ्या मुलीने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

निशाचर

रानमेवा, मुलीला सांगा की त्या शेपट्या वटवाघळासाठी आहेत.

चंद्रपतंगाला कान नसतात. बऱ्याच जातींच्या पतंगांना वटवाघळाचा आवाज ऐकू येतो आणि ते ऐनवेळी गिरकी घेतात किंवा पंख मिटून खाली पडतात. या कुळातल्या पतंगांना ती सोय नाही. मग वटवाघूळ आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर भक्ष्याचा वेध घेतं तेव्हा यांनी करायचं काय? उडताना या शेपट्या गोल गोल फिरत राहतात आणि त्यांच्याकडून येणारा प्रतिध्वनी वटवाघळाला फसवतो. हल्ला अंगावर न होता शेपटीवर होतो. शेपटी तुटली तरी पतंग उडू शकतो.

हा नुसता अंदाज नाही. २०१५ साली अमेरिकेत जेसी बार्बर आणि सहकाऱ्यांनी याच्याच भाईबंदावर, लूना मॉथवर, प्रयोग केले. काही पतंगांच्या शेपट्या कापल्या, काहींच्या तशाच ठेवल्या आणि अंधाऱ्या खोलीत वटवाघळं सोडून अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं. निम्म्याहून जास्त वेळा, ५५ टक्के, वटवाघळाचा रोख शेपटीकडे होता. शेपटीवाल्यांची वाचण्याची शक्यता बिनशेपटीवाल्यांपेक्षा सुमारे ४७ टक्क्यांनी जास्त निघाली.

पांढरी लोकर अंगावर असते तिचाही हातभार आहे. पतंगांच्या अंगावरचे दाट केसासारखे खवले वटवाघळाचा आवाज काही प्रमाणात शोषून घेतात आणि प्रतिध्वनी क्षीण होतो, हे २०२० साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी दाखवलं.

फोटो काढताना शेपट्या जरूर बघा. एक आखूड, एक लांब, किंवा टोकाला फाटलेली असा पतंग दिसला तर तो मारा चुकवून आलेला असू शकतो. असले फोटो लोक 'खराब' म्हणून टाकून देतात. मला विचाराल तर तेच सगळ्यात मोलाचे.

रानमेवा

मुलीला वाचून दाखवलं. आता तिला सगळ्या पतंगांच्या शेपट्या मोजायच्या आहेत. मनापासून आभार.

कोकणकडा

आमच्याकडे लहानपणापासून ऐकलंय की पतंगाच्या पंखाची भुकटी डोळ्यात गेली तर माणूस आंधळा होतो. घरात मोठा पतंग आला की आजी दिवे घालवायची आणि आम्हाला डोळे झाकायला लावायची. आणि सुरवंट अंगाला लागला की खाज. याच्या अळीच्या केसांनीही खाज येते का?

घाटमाथा

भुकटी म्हणजे पंखावरचे खवले. डोळ्यात गेले तर धूळ गेल्यासारखं चुरचुरेल, पाण्याने डोळे धुतले की झालं. आंधळेपण येत नाही. दिवे घालवायची आजींची सवय मात्र पतंगासाठी अगदी योग्य होती, त्याविषयी खाली बोलूच.

चंद्रपतंगाच्या अळीच्या केसांत विष नाही. तरी अनोळखी अळीला हात लावू नये हा नियम मुलांना शिकवलेला बरा. आपल्या जंगलात काही हिरव्या, बुटक्या, गोगलगायीसारख्या सरकणाऱ्या अळ्या असतात, त्यांच्या काट्यांचा दंश विंचवाची आठवण करून देतो. रंगावरून गल्लत सहज होते.

वैनगंगा

मी विदर्भातून लिहितोय. आमच्याकडे डोंगर नाहीत सह्याद्रीसारखे, पण याच कुळातला पतंग आमच्या लोकांचं पोट भरतो म्हणून चार ओळी.

गडचिरोली, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या पट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढवतात. ढिवर समाजाची कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. आम्ही कोसा म्हणतो. अंडीपुंज आणायचे, अळ्या निघाल्या की झाडावर चढवायच्या आणि मग राखण. दिवसभर कावळे, साळुंक्या हाकलायच्या, मुंग्या येऊ नयेत म्हणून बुंधा सांभाळायचा. सगळ्यात वाईट म्हणजे उझी माशी. ती अळीच्या अंगावर अंडी घालते, तिच्या अळ्या आत शिरून आतूनच खातात. वरून कोस्याची अळी ठणठणीत दिसते, कोसाही विणते, आणि मग कोस्याला भोक पाडून माशीच्या अळ्या बाहेर पडतात. कष्ट वाया.

तुमच्या चंद्रपतंगाचा कोष पातळ, पानात गुंडाळलेला. टसरचा कोसा अंड्यासारखा, दगडासारखा टणक, आणि त्याला देठ असतो. अळी आधी फांदीभोवती रेशमाचं कडं करते, त्याला देठ विणते आणि मग खाली कोसा लटकवते. पान गळालं तरी कोसा फांदीलाच राहतो. पाचोळ्यात पडायचा धोका तिने असा टाळलाय.

बाहेर पडायची पद्धतही निराळी. टसरचा पतंग तोंडातून एक द्रव सोडतो, त्याने कोस्याचं टोक मऊ होतं आणि धागे बाजूला सारून तो निघतो. चंद्रपतंगाचं कसं असतं?

घाटमाथा

वैनगंगादादा, तुमच्या प्रतिसादाने धाग्याला वजन आलं. देठाचा मुद्दा तर फारच सुंदर.

चंद्रपतंगाच्या घराण्यात पुढच्या पंखांच्या मुळाशी, खांद्यावर म्हणा, कठीण दातेरी काटे असतात. पतंग आत वळवळत त्या काट्यांनी रेशीम घासतो, फाडतो. शांत खोलीत कोष कानाजवळ धरला तर ती खरखर स्पष्ट ऐकू येते. आधी एक बारीक चीर, मग ओलं पांढरं डोकं, मग सगळं अंग. त्या वेळी पंख म्हणजे अंगाला चिकटलेले चुरगळलेले चार तुकडे असतात, शेपट्या तर ओळखूही येत नाहीत. तो ताबडतोब वर चढायला बघतो, फांदी मिळाली की लटकतो आणि अंगातलं पाणी पंखांच्या शिरांत ढकलायला लागतो. बघता बघता पंख उलगडतात, शेपट्या सगळ्यात शेवटी सरळ होतात. आकार अर्ध्या तासात येतो, पण पंख वाळून टणक व्हायला आणखी काही तास जातात. या वेळात त्याला चढायला जागा मिळाली नाही किंवा कुणी हलवलं तर पंख कायमचे वाकडे राहतात.

शेकरू

आणि मग एका आठवड्यात जोडीदार शोधायचा! एवढ्या जंगलात नर मादीला गाठतो कसा?

निशाचर

वासावर. मादी पहिल्याच रात्री एका जागी बसून पोटाच्या टोकाची ग्रंथी बाहेर काढते आणि गंध सोडते. ती कुठे जात नाही. नर वाऱ्याच्या उलट दिशेने उडत तो गंध धरून येतो. मिशा पिसासारख्या असण्याचं कारण हेच, जितकी पृष्ठभागाची जागा जास्त तितके गंधाचे कण जास्त हाती लागतात. मध्यरात्रीच्या सुमाराला जोडी जमते आणि पहाटेपर्यंत राहते. त्यानंतर मादी अंडी घालायला निघते.

फ्रान्समधला कीटकअभ्यासक फाब्र याने एकोणिसाव्या शतकात याच कुळातल्या मोठ्या मोरपतंगाची एक मादी घरात जाळीखाली ठेवली होती. त्याच रात्री चाळीसएक नर खिडक्यांतून घरात शिरले. मग त्याने मादी बंद काचेखाली ठेवून पाहिली. ती डोळ्यांना दिसत होती तरी एकही नर आला नाही. झाकण सैल असलेल्या डब्यात ठेवली तर आले. म्हणजे नजरेचा काही संबंध नाही, हे त्याने साध्या घरगुती सामानावर सिद्ध केलं. पुढे १९५९ साली जर्मनीत बुटेनांट यांनी तुतीच्या रेशीमपतंगाच्या मादीचा गंध वेगळा काढला. त्यासाठी पाच लाख माद्या लागल्या. त्यावरून तो गंध किती सूक्ष्म प्रमाणात असतो ते कळावं.

लाल माती

धागा वाचतोय सुरुवातीपासून. मी शेतकरी, घाटाखालचा. वणव्यावर बोलायचं आहे, कारण असं काही निघालं की बोट आमच्याकडे वळतं.

भातशेतीत राब लागतो. कवळ, म्हणजे झाडांच्या पानांसकट डहाळ्या, तोडायची, दाढीवर, म्हणजे रोपाच्या वाफ्यावर, पसरायची, वर पालापाचोळा आणि माती घालून भाजायची, मग त्या जागी रोप टाकायचं. तण मरतं, रोप जोमदार येतं. हे भाजणं बांधाच्या आत, वारा पडल्यावर, माणसं उभी करून होतं. डोंगर पेटतो तो या दाढीमुळे क्वचित. पेटतो तो गवत चांगलं फुटेल म्हणून मुद्दाम लावलेल्या आगीने, शिकारीसाठी लावलेल्या आगीने, आणि हल्ली फिरायला येणाऱ्यांच्या चुलीने आणि विडी-सिगरेटने. सरसकट सगळं एकात मोजू नका.

कवळ तोडताना ऐनावर कोसा दिसतो हे खरं. आमचे वडील तो देठासकट काढून दुसऱ्या फांदीला अडकवायचे, मीही तेच करतो. पानात गुंडाळलेला कोष मात्र आजवर कधी लक्ष देऊन बघितला नव्हता. मोईच्या खुंटांचं कुंपण आहे माझ्याकडे, पन्नासेक पावलं लांबीचं. खाली पाला साठतो आणि आम्ही तोच गोळा करून राबाला नेतो. यंदा ते बघून नेईन.

घाटमाथा

लाल माती, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, आणि तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. राब आणि वणवा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राबासाठी पाला किती लागतो आणि कुठून घ्यायचा हे माणूस ठरवतो. वणवा कड्यापर्यंत जे सापडेल ते घेऊन जातो, आणि पुन्हा पुन्हा लागला तर मोईची नवीन रोपंही उभी राहू देत नाही.

तुमच्या कुंपणाविषयी एक सुचवतो. सगळा पाला नेण्याऐवजी कुंपणाच्या एका बाजूला हातभर रुंदीचा पट्टा तसाच सोडता आला तर बघा. मोईचा खुंट लावला तरी फुटतो, त्यामुळे अशी कुंपणं घाटाखाली खूप आहेत. जंगलाच्या बाहेर अळीला खायला मिळण्याची ती मोठी जागा आहे. छाटणी करायचीच असेल तर पानं पूर्ण गळल्यावर करावी, म्हणजे खाणारी अळी वर असण्याची शक्यता नाही, आणि छाटलेल्या फांद्यांना चिकटलेला कोष उघडा दिसतो.

गवत चांगलं येतं म्हणून डोंगर पेटवण्याविषयी माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या सरीनंतर जे हिरवं लुसलुशीत दिसतं ते जळालेल्या राखेच्या जोरावर. त्यानंतरचा जोरदार पाऊस उघडी माती उतारावरून धुऊन नेतो. उतार जितका तीव्र तितकं नुकसान जास्त. वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवताचा पट्टा आधीच साफ करतं, गावोगावच्या वनसमित्या आणि तरुण मुलं झोडपण्या घेऊन आग विझवतात, त्यांना आपल्यासारख्यांनी हाताखाली मदत करणं हे फोटोंपेक्षा कितीतरी जास्त कामाचं.

लाल माती

पट्टा सोडायला हरकत नाही. एवढ्या पाल्याने राबाचं काही अडत नाही.

दिवेलागण

घाटमाथ्यावर आमचं छोटं राहण्याजेवणाचं घर आहे. पावसाळ्यात व्हरांड्यातल्या दिव्यावर रात्री असंख्य पतंग येतात, चंद्रपतंगही येतो. पाहुण्यांना आवडतं म्हणून आम्ही मोठा पांढरा दिवा रात्रभर चालू ठेवायचो. पण सकाळी उठून पाहिलं की भारद्वाज, कोतवाल, साळुंक्या भिंतीवरचे पतंग टिपत असतात आणि खाली नुसते पंख पडलेले. काय करावं?

निशाचर

हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं फार बरं वाटलं.

पतंग दिव्यावर का येतात याचं नवं उत्तर २०२४ साली आलं. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या आणि इतर अभ्यासकांनी प्रयोगशाळेत आणि कोस्टा रिकाच्या जंगलात वेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचं उडणं टिपलं. पतंग दिव्याकडे ओढला जात नाही, तो दिव्याकडे पाठ करतो. लाखो वर्षं रात्री सगळ्यात उजळ जे असे ते आकाशच असे, म्हणून उजेडाकडे पाठ ठेवली की वर-खाली बरोबर कळायचं. दिवा बाजूला आला की पतंग त्याच्याकडे पाठ कलती करतो आणि घिरट्या घालत अडकतो. दिव्याच्या वरून गेला तर उलटाच होऊन खाली आपटतो. सगळे कीटक असं करत नाहीत, कण्हेरीवरचा हॉकमॉथ त्या प्रयोगात अपवाद निघाला, पण बहुतेक करतात.

आता चंद्रपतंगाच्या हिशेबाने बघा. सात-आठ रात्रींचं आयुष्य, खाणं नाही, साठवलेली चरबी तेवढी. त्यातल्या दोन रात्री दिव्याभोवती गेल्या तर जोडीदार शोधायला उरतं काय?

म्हणून उपाय सांगतो. पांढरा-निळसर दिवा काढून मंद पिवळा-नारिंगी लावा. दिव्याला वरून टोपी घाला म्हणजे उजेड फक्त पायवाटेवर पडेल आणि आकाशात व झाडांत जाणार नाही. माणूस आला की लागणारा आणि आपोआप बंद होणारा दिवा बसवता आला तर उत्तम. पाहुण्यांना पतंग दाखवायचेच असतील तर रात्री तासभर पांढरा पडदा आणि दिवा लावा, बघा, फोटो काढा आणि दिवा बंद करा. आलेले पतंग बहुतेक पहाटेच्या आत निघून जातील आणि सकाळी भिंतीवर पक्ष्यांची पंगत बसणार नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मॉथ वीक, म्हणजे पतंगांच्या नोंदी ठेवण्याचा आठवडा, असतो, त्या वेळी असा पडदा लावून नोंदी ठेवल्यात तर अभ्यासकांनाही उपयोग होईल.

दिवेलागण

व्हरांड्यातला दिवा आजच बदलते. तासाभराच्या पडद्याची कल्पना पाहुण्यांनाही आवडेल असं वाटतं.

पाटीपेन्सिल

मी शिक्षिका आहे. आमच्या शाळेच्या कुंपणाला मोईचे खुंट आहेत आणि मुलांना पावसाळ्यात मोठी हिरवी अळी सापडली. वर्गात ठेवून पतंग होईपर्यंत दाखवावं असं वाटतं. कसं सांभाळायचं? जंगलातून आणलेली नाही हे आधीच सांगते.

घाटमाथा

बाई, शाळेच्या कुंपणावरची असेल तर खुशाल. अभयारण्यातून अळी, कोष, पानही उचलणं गुन्हा आहे, हे मुलांना याच निमित्ताने सांगता येईल.

तिला मोईचीच पानं द्या. अर्ध्यात झाड बदललं तर ती खात नाही आणि उपाशी मरते. डहाळी पाण्याच्या बाटलीत खोचा, पण बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा, नाहीतर अळी देठावरून उतरून पाण्यात बुडते. खाली कागद घाला आणि लेंड्या रोज झाडून टाका, ओल राहिली की बुरशी आणि रोग येतो. मोठ्या जाळीच्या डब्यात ठेवा, बंद प्लास्टिकच्या बरणीत नको. कात टाकायच्या आधी ती दिवस-दीड दिवस अगदी निश्चल बसते आणि डोकं खाली घालते. आजारी समजून मुलं हलवतात, तेवढं सांभाळा.

खाणं थांबून ती भटकायला लागली आणि पातळ घाण पडली की कोष जवळ आला. तेव्हा डब्यात सुटी पानं ठेवा. कोष झाला की पानासकट तसाच राहू द्या आणि जाळीची एक बाजू खरखरीत असू द्या, बाहेर आल्यावर त्याला चढायला लागते.

पाटीपेन्सिल

तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं, अळीने ऑक्टोबरात कोष केला. आता जानेवारी आहे आणि काहीच हालचाल नाही. मुलं रोज विचारतात. मेला असेल का?

घाटमाथा

बहुधा नाही. ऑक्टोबरातला कोष पावसाची वाट बघत थांबतो. हलक्या हाताने उचलून बघा. जिवंत कोष वजनाला भरीव लागतो आणि हळूच वाकडा केला तर आतला जीव कुशीवर वळल्यासारखा हलतो. वाळलेल्या शेंगेसारखा हलका असेल आणि आत खुळखुळत असेल तर मेलेला. बाजूला गोल भोक दिसलं तर वैनगंगादादांनी लिहिलेल्या माशीच्या भाऊबंदांचं काम समजा. तेही मुलांना दाखवा, जंगलात असे कोष कमी नसतात.

भरीव असेल तर उन्हापासून लांब, वारा येईल अशा सावलीत ठेवा. मुंग्या लागणार नाहीत एवढं बघा. आठवड्यातून एकदा पाण्याचा हलका फवारा पुरे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असेल तेव्हा कुणीतरी घरी न्या, कारण तो मे अखेर ते जून यातच कधीतरी निघेल, आणि बहुतेक सकाळी निघेल. पंख वाळले की त्याच संध्याकाळी कुंपणाच्या मोईवर सोडा.